विमानातील खिडकी : बाजू कोणती, रांग कोणती आणि मान कोणाचा

फुलचूर-गोंदिया परिसरातील व्यापारी घरांत प्रवासाचा बेत ठरतो, तेव्हा हिशेब बारकाईने मांडला जातो. तिकीट कोणत्या दिवशी स्वस्त पडते, सामानाचे वजन किती भरते, सोबत कोणता फराळ घ्यावा, सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे उरकता येईल, या साऱ्यांचा विचार आधी होतो. आसनाचा प्रश्न मात्र शेवटी येतो आणि बहुधा घाईत सुटतो. खिडकी लहान मुलाला दिली जाते, ते दहा मिनिटांत झोपी जाते. घरातील वडीलधारे मधल्या आसनावर हात जोडून बसतात. दुकानाचा कारभार पाहणारा मुलगा लवकर उतरता यावे म्हणून मार्गिकेकडची जागा घेतो. दीड तासाच्या त्या प्रवासात साऱ्या कुटुंबापैकी बाहेर कोणीच पाहिलेले नसते.

वास्तविक एकाच तिकिटात दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे गावाला पोहोचणे, आणि दुसरी म्हणजे जमिनीचे असे दर्शन, जे रस्त्यावरून किंवा रेल्वेच्या डब्यातून कधीही घडत नाही. पहिली गोष्ट प्रत्येकाला मिळते. दुसरी मिळवण्यासाठी थोडे भूगोलाचे भान, थोडा सूर्याचा विचार आणि विमानाच्या बांधणीची थोडी माहिती पुरेशी असते. गोंदिया जिल्ह्याच्या बाबतीत तर ही दुसरी गोष्ट विशेष मोलाची आहे, कारण हा जिल्हा वरून पाहिल्याशिवाय पुरता कळत नाही.

बिरसीची धावपट्टी

गोंदिया शहराच्या ईशान्येस, कामठा परिसरात बिरसीचे विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि ती धावपट्टी अनेक दशके जवळजवळ विस्मृतीत गेली. पुढे विमानतळाचा विकास झाला आणि वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था येथे आली. त्यानंतर आसपासच्या गावांतील लोकांना प्रशिक्षणार्थींची छोटी विमाने डोक्यावर घिरट्या घालताना दिसू लागली. विमान ही खालून पाहण्याची वस्तू आहे, अशीच एका पिढीची समजूत झाली.

हे चित्र बदलले ते मार्च २०२२ मध्ये. इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवा तेव्हा सुरू झाली. ती फार काळ टिकली नाही, तरी डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली. लहान विमानतळांवर कंपन्या आणि वेळापत्रके बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी चालू सेवा पाहून घेणे इष्ट. एक गोष्ट मात्र पक्की झाली. गोंदियाचा माणूस आता गोंदियाकडे वरून पाहू शकतो. उरलेली मंडळी नागपूर किंवा रायपूर गाठून विमान धरतात, आणि पुढील नियम त्यांनाही तितकेच उपयोगी आहेत.

डावे-उजवे कसे ठरवावे

प्रथम एक सोपी गोष्ट. वैमानिकाकडे तोंड करून बसल्यावर 'ए' अक्षराचे आसन डाव्या खिडकीशी असते. सहा आसनांच्या रांगेत 'एफ' हे उजव्या खिडकीचे आसन होय. चार आसनांच्या रांगेतील मधली अक्षरे कंपनीनुसार बदलतात, परंतु 'ए' डावीकडेच राहते. आसनांचा आराखडा पडद्यावर पाहताना विमानाचे नाक कोणत्या दिशेला दाखवले आहे ते आधी पाहावे, म्हणजे डाव्या-उजव्याची गल्लत होत नाही.

त्यानंतर शाळेचा नकाशा उघडावा. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण यांना पट्टीने जोडणारी रेघ ओढावी. प्रवासाच्या दिशेने तोंड केले, तर रेघेच्या डाव्या हाताला जे येते ते डाव्या खिडकीतून दिसते. हे काम घरातील पाचवी-सहावीतल्या मुलाकडे सोपवावे. त्याचा भूगोल पक्का होतो आणि प्रवासाची उत्सुकताही वाढते. विमाने अगदी पट्टीच्या रेघेवरून उडत नाहीत. नेमून दिलेले हवाई मार्ग, ढग आणि गर्दी यांमुळे ती थोडी बाजूला सरकतात. तरी साधारण अंदाजाला ही रेघ पुरते.

येथे एक उलटी वाटणारी, पण महत्त्वाची बाब ध्यानात घ्यावी. जे ठिकाण अगदी रेघेवर येते, ते कोणत्याही खिडकीतून नीट दिसत नाही, कारण ते विमानाच्या पोटाखालून निघून जाते. खिडकीतून नजर तिरपी जाते. मोठे जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते, तेव्हा रेघेपासून दहा ते चाळीस किलोमीटर अंतरावरचा पट्टा सर्वांत चांगला दिसतो. पंख्याचे छोटे विमान पाच-सहा किलोमीटरवरून जात असल्याने त्यातून दिसणारा सोयीचा पट्टा आणखी जवळचा असतो. म्हणून पाहायचे स्थळ रेघेच्या थोडे बाजूला असणे ही अडचण नसून सोय आहे.

सूर्य कोणत्या हाताला

दुसरा विचार सूर्याचा. सकाळी सूर्य पूर्वेस, संध्याकाळी पश्चिमेस, आणि हिवाळ्याच्या दुपारी दक्षिणेकडे झुकलेला असतो. ज्या बाजूला सूर्य, त्या बाजूच्या खिडकीत डोळे दिपतात, काचेवरचे ओरखडे चमकतात आणि जमीन धुरकट दिसते. सूर्य पाठीशी ठेवणाऱ्या खिडकीतून मात्र शेताचा हिरवा, मातीचा काळा आणि कौलांचा तांबडा रंग स्वच्छ दिसतो. छायाचित्र घ्यायचे असेल तर हीच बाजू निवडावी.

या नियमाला पाण्याचा अपवाद आहे. सूर्याच्या बाजूला बसले, तर नदी, तलाव आणि भाताची पाण्याने भरलेली बांधी एकामागून एक आरशासारखी झळाळून उठते. विमान पुढे सरकते तसा प्रकाशाचा ठिपका एका तलावावरून दुसऱ्यावर उडी घेतो. दाट झाडीत दडलेली बोडीदेखील त्या क्षणी आपले ठिकाण सांगून जाते. तेव्हा रंग पाहायचे तर सूर्याच्या विरुद्ध बाजू आणि पाणी पाहायचे तर सूर्याची बाजू, असा निवाडा करावा.

सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसणाऱ्यास आणखी एक लाभ संभवतो. खाली ढगांचा थर असेल तर त्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वलय उमटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर भाग्यवंतांना दिसणारे 'इंद्रवज्र' ते हेच. गड न चढताही ते खिडकीतून दिसू शकते. त्यासाठी नजर मात्र सावलीवर ठेवावी लागते.

पंख आणि रांग

बाजू ठरली की रांग ठरवावी. एअरबस किंवा बोइंग जातीच्या मोठ्या विमानांत पंख प्रवाशांच्या पायांखालच्या पातळीवर असतात. साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिले तर जमिनीऐवजी पंखाचा पत्रा दिसतो. त्यामुळे पुढील काही रांगा किंवा अगदी मागच्या रांगा घ्याव्यात. मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या उष्ण झोताने खालचे दृश्य किंचित थरथरते. डोळ्यांना त्याचे फारसे वाटत नाही, छायाचित्रात मात्र ते उमटते. पुढच्या रांगांना हा दोष नाही, मात्र त्यांचे दाम बहुधा अधिक असतात.

लहान विमानतळांवर येणारे एटीआर हे पंख्याचे विमान मात्र वेगळ्या घडणीचे आहे. त्याचे पंख छताच्या वर असतात. खाली पाहायला आडकाठी नसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकी चांगली ठरते. मधल्या काही रांगांतून पंख्याचे इंजिन आणि उतरताना बाहेर येणारी चाके दिसतात, मुलांना त्याचेच अप्रूप वाटते. जमीन पाहायची असेल तर मागच्या रांगा उत्तम. प्रवाशांचे दार मागे असल्यामुळे तेथे बसणारा लवकर उतरतोही. दोन-दोन आसनांची रचना असल्याने मधले आसन हा प्रकारच नाही. याच रचनेची छोटी जेट विमानेही काही मार्गांवर असतात, पण त्यांचे पंख खाली असतात. म्हणून तिकिटावर विमानाची जात पाहून घ्यावी.

आणखी तीन बारकावे आहेत. काही विमानांत एखाद्या रांगेला खिडकीच नसते किंवा ती खांद्याच्या मागे येते. पैसे देऊन आसन घेताना ही खातरजमा करावी. आपत्कालीन दाराजवळची रांग लहान मुलांना आणि मदतीची गरज असलेल्या वृद्धांना मिळत नाही. संरक्षण दलाच्या ताब्यातील काही विमानतळांवर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पडदा बंद ठेवण्याची व छायाचित्रे न घेण्याची सूचना दिली जाते. ती निमूटपणे पाळावी.

गोंदियावरून काय दिसते

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. बिरसीहून हैदराबादची रेघ दक्षिणेकडे, किंचित नैऋत्येला झुकून जाते. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. डाव्या खिडकीला पूर्व आणि उजव्या खिडकीला पश्चिम. उजवीकडे नागझिऱ्याचे जंगल, त्यापलीकडे वैनगंगेचे वळणदार पात्र आणि दूरवर गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय येतो. पुढे वडसा-ब्रह्मपुरीच्या परिसरात वैनगंगा रेघ ओलांडून डाव्या हाताला जाते. तेथून उजवीकडे ताडोबाचे अरण्य आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणींचा मुलूख येतो.

डावी खिडकी मात्र या प्रवासाचे खरे धन आहे. उड्डाणानंतर दहा-बारा मिनिटांत, डोंगरांच्या कुशीत नवेगावबांधचा तलाव दिसतो आणि त्याच्या दक्षिणेस गाढवी नदीवरचा इटियाडोह. रेघेपासून त्यांचे अंतर दहा ते वीस किलोमीटर, म्हणजे तिरप्या नजरेला अगदी सोयीचे. सकाळचे विमान असेल तर सूर्य डावीकडेच असतो आणि पाणी लखलखते. दुपारनंतरचे असेल तर सूर्य पाठीशी राहतो आणि अरण्याचा हिरवा रंग उजळतो. परतीच्या प्रवासात हे सारे उजव्या खिडकीला येते. तेव्हा विमान उतरणीला लागलेले, म्हणजे अधिक खाली असते. म्हणून जाताना डावी व येताना उजवी, असे ध्यानात ठेवावे. एकच फेरी निवडायची झाली तर परतीची शेवटची पंधरा मिनिटे अधिक मोलाची ठरतात.

गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचा प्रदेश म्हणतात, हे शाळेपासून साऱ्यांना पाठ असते. या म्हणण्याचा अर्थ मात्र खिडकीतूनच उलगडतो. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांधच्या तलावाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. यंत्रे नव्हती, पातळी मोजण्याची आजची साधने नव्हती. पाण्याचा उतार ओळखणारी नजर मात्र होती. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी या परिसरात काढलेल्या वर्षांतून मराठी वाचकांना नवेगावबांधची ओळख झाली. १९७५ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला.

वरून तलाव वाचण्याची एक सोपी रीत आहे. बांधलेल्या तलावाची एक कड सरळ किंवा कमानीसारखी रेखीव असते. ती मातीची पाळ. उरलेली कड वेडीवाकडी, झाडीत घुसलेली असते, तिकडून पाणी येते. रेखीव कडेच्या पलीकडे पाहावे. तेथे धानाच्या बांध्या चौकटी-चौकटींनी उतरत गेलेल्या दिसतात. त्यांच्या खालच्या अंगाला पुन्हा एक लहान तलाव, त्याखाली पुन्हा बांध्या, आणि मग एखादी बोडी. वरच्या तलावाचे जादा पाणी सांडव्याने खालच्या तलावात जावे आणि पावसाचा थेंब नदीला मिळेपर्यंत वाटेत अनेकदा कामी यावा, ही त्यामागची योजना. रस्त्याने जाणाऱ्याला एका वेळी एकच पाळ दिसते. साखळी दिसते ती फक्त वरून.

फुलचूर-गोंदियाच्या बाजाराशी या साखळीचा थेट संबंध आहे. येथील कित्येक घरांचा उदरनिर्वाह धान, तांदूळ आणि राईस मिल यांवर उभा आहे. पोत्यात हात घालून धानातील ओल सांगणारे, मूठभर तांदूळ तळहातावर पसरून तुकड्याचे प्रमाण ओळखणारे जाणकार या घरांत आहेत. ते पोते ज्या पाण्यावर पिकले, ते पाणी कोठून येते हे मात्र दुकानाच्या गादीवरून दिसत नाही.

खिडकीतून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सुखाची नाही. काही तलावांचे पाणी निळे, मोकळे दिसते. काहींवर हिरवी साय आलेली असते, काठाकडून बेशरमची झुडपे आत सरकलेली असतात आणि मध्ये पाण्याचे डबके तेवढे उरलेले असते. तलाव पूर्वी मालगुजारांच्या अखत्यारीत होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणूनच आजही त्यांना 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे म्हणतात. जुनी जुलमी व्यवस्था जाणे योग्यच होते. परंतु गाळ काढणे, पाळीची डागडुजी करणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे गावाने मिळून करण्याची रीतही अनेक ठिकाणी तिच्याबरोबर लोपली. गाळ साचला, साठा घटला. शेवटच्या पाण्याला धान मुकू लागले, आणि तलावातील मासळीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांची मिळकतही आटली. काही गावांनी लोकसहभागातून तलाव पुन्हा जिवंत केले आहेत. वरून पाहताना एकाच साखळीत जिवंत आणि मरू घातलेला तलाव शेजारी-शेजारी दिसतो. जमाखर्चाच्या वहीत एका पानावर नफा आणि तोटा दिसावा, तसे हे दृश्य आहे. ज्यांची गिरणी या धानावर चालते, त्यांनी ते एकदा तरी डोळ्यांखालून घालावे.

हंगामाचाही विचार करावा. पावसाळ्यात ढग आड येतात. कडक उन्हाळ्यात तलाव आटलेले आणि हवा धुळीने गढूळ असते. पौष-माघाच्या सकाळी धुके असते. आश्विन-कार्तिकात मात्र पावसाने हवा धुऊन निघालेली असते, तलाव काठोकाठ भरलेले असतात. हलके धान पिवळे पडलेले आणि भारी धान अजून हिरवे, असा दुरंगी पट खाली पसरलेला असतो. चातुर्मास संपून यात्रा आणि लग्नसराईच्या प्रवासाला घरे निघतात तोही याच सुमारास. म्हणजे पाहण्याचा उत्तम काळ आणि प्रवासाचा काळ आपोआप जुळून येतो.

नागपूरहून मुंबईकडे

व्यापारानिमित्त सर्वाधिक वापरला जाणारा हा मार्ग. रेघ पश्चिमेकडे, थोडी दक्षिणेला कलती. डावीकडे दक्षिण, उजवीकडे उत्तर. उड्डाणानंतर अर्ध्या तासाच्या आत, डाव्या बाजूला, रेघेपासून सुमारे तीस किलोमीटरवर लोणारचे सरोवर येते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. आजूबाजूच्या चौकोनी शेतांत एखादे गोल नाणे ठेवावे तसे ते वेगळे ओळखू येते. हवा स्वच्छ हवी आणि नजर क्षितिजाच्या बरीच खाली हवी. पुढे डावीकडेच पैठणचा नाथसागर दूरवर पसरलेला दिसतो.

उजवीकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि अखेरीस सह्याद्री येतो. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर आणि भंडारदऱ्याचा जलाशय याच बाजूला आहेत. सपाट माथ्याचे डोंगर आणि त्यांच्या अंगावरचे थरावर थर पाहिले की लाव्हारसाच्या थरांनी महाराष्ट्राचे पठार कसे घडले, हे पाठ्यपुस्तकाशिवाय कळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने उजव्या खिडकीत झळ लागत नाही. म्हणून मुंबईला जाताना एरवी उजवी आणि लोणारसाठी डावी, असा निर्णय करावा. परतताना बाजू उलटतात. मुंबईत विमान बहुधा पूर्वेकडून उतरते. तेव्हा उजवीकडे पवई, विहार आणि राष्ट्रीय उद्यानाची हिरवाई, तर डावीकडे ठाण्याची खाडी आणि वाशीचे पूल दिसतात.

इतर काही मार्ग

मुंबईहून गोव्याकडे जाताना समुद्र उजवीकडे आणि सह्याद्री डावीकडे राहतो, सूर्यास्त पाहायचा तर उजवी बाजू घ्यावी. दिल्लीहून बागडोगरा किंवा गुवाहाटीकडे जाताना हिमालय डाव्या खिडकीला असतो. या मार्गावर आसनासाठी जादा पैसे मोजणे खरोखर सार्थकी लागते, कारण उजवीकडे बसलेल्याला गंगेचे मैदानच दिसते. मुंबई-कोलकाता ही रेघ नकाशावर गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावप्रदेशातूनच जाते. महानगरांच्या दरम्यान प्रवास करणाऱ्या गोंदियाकराने मध्यावर जरा खाली डोकावले, तर घराच्या अंगणावरून गेल्याचा प्रत्यय येतो.

आपण नेमके कोठे आहोत हे कळण्यासाठी मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवावा. फोन विमान-स्थितीत असला, तरी खिडकीजवळ धरल्यास उपग्रहाच्या आधारे ठिकाण दाखवतो. मग खालची नदी कोणती, यावर वाद उरत नाही.

पैसे कोठे खर्चावेत

आसनाचे जादा दाम देणे ही उधळपट्टी की खर्च, याचा निवाडा व्यापारी रीतीने करावा. रात्रीचे उड्डाण, भर पावसाळा किंवा दाट धुक्याची सकाळ असेल तर खिडकीसाठी पैसे मोजू नयेत. कंपनी देईल ते आसन घ्यावे. एटीआर असेल तर मागच्या, कमी दामाच्या रांगाही उत्तम असतात, तेथे पुढच्या रांगेचा मोह टाळावा. दिवसाचे उड्डाण, स्वच्छ हंगाम आणि बाजूला पाहण्यासारखे काही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पैसे खर्चावेत. तेही साऱ्या कुटुंबासाठी नव्हे. दोन आसने पुरेत, एक खिडकीचे आणि एक त्यालगतचे.

खिडकी कोणाला

अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. खिडकी हे लाडाचे किंवा मानाचे आसन नव्हे, ते पाहणाऱ्याचे आसन आहे. मग पाहणारा कोण?

व्यापारी घरांतील वृद्धांनी हा मुलूख पायाखाली घातलेला असतो. उगराणीसाठी बैलगाडीने, सायकलने, पुढे एसटीने ते गावोगाव फिरलेले असतात. कोणत्या तलावाच्या पाळीवर वडाखाली विसावा घेतला, कोणत्या नाल्याला पूर आल्यामुळे रात्र परगावी काढावी लागली, कोणत्या गावचे धान वजनाला खरे उतरे, हे त्यांना स्मरते. माहेर-सासरच्या वाटा घरातील आजींना तोंडपाठ असतात. त्या गावांची नावे कोणत्याही पडद्यावरच्या नकाशापेक्षा त्यांच्या मनात अधिक ठळक आहेत. अशा माणसांना मधल्या आसनावर बसवून समोरच्या पाठीकडे पाहायला लावणे हा घराचाच तोटा आहे.

म्हणून खिडकीशी आजोबांना किंवा आजींना बसवावे आणि लगतच्या आसनावर नातवंडाला. दोन आसनांच्या एटीआरमध्ये तर ही जोडी आपोआप जमते. नातवाने नकाशात पाहून सांगावे की आता नवेगावबांध येणार. आजोबांनी खाली बोट दाखवून सांगावे की ती पाळ, तो सांडवा, आणि त्या बांध्यांतले धान आपल्या गिरणीवर येत असे. एकाला दिशा ठाऊक आहे, दुसऱ्याला गावे ठाऊक आहेत. पुढच्या पिढीतील मुले शिक्षणासाठी पुणे-बंगळुरूला जातात, काही तेथेच राहतात. आपले घर कोणत्या पाण्यावर उभे राहिले हे त्यांना सांगण्याची संधी फार वेळा येत नाही. उड्डाणानंतरची ती पंधरा मिनिटे अशीच एक संधी आहे.

कारभारी मुलाने मार्गिकेकडची जागा खुशाल घ्यावी आणि लवकर उतरून सामान गोळा करावे. मात्र तिकीट काढताना विमानाची जात, प्रवासाची दिशा आणि उड्डाणाची वेळ पाहून वडीलधाऱ्यांसाठी योग्य बाजूची खिडकी त्यानेच राखून ठेवावी. खर्च थोडा, विचार पाच मिनिटांचा. जाताना डावी, येताना उजवी.